भावावरची बोली

मुरब्याच्या माणसाला पालघर गाठायचं तर आधी खाडी ओलांडून सातपाटीला उतरावं लागे, आणि खाडी ओलांडायची तर प्रतापशेटच्या होडीत बसावं लागे. बंदरात होड्यांना काय तोटा! पण भाडं घेऊन माणसं पलीकडे न्यायचा मक्ता सरकारी, आणि तो कित्येक वर्षं शेटच्या खिशात होता. लिलावात जो सरकारला जास्त रक्कम भरील त्याला मक्ता, असा तेव्हाचा कायदा. शेट जास्त भरी आणि भरलेलं सगळं होडीतून उपसून काढी. वीस माणसं बसावीत तिथं चाळीस, त्यांच्या मांडीवर टोपल्या, टोपल्यांवर कुणाची शेळीसुद्धा. 'सरका, सरका, जागा होते,' असं त्याचा तांडेल म्हणे, आणि जागा होतही असे.

गेल्या आश्विनात एकदा ती झाली नाही. भर खाडीत होडी कलंडली. त्यात बुडालेल्यांत मुरब्याच्या नवशाची मुलगी शालू होती. लग्न ठरलेली पोर, सातपाटीच्या बाजारात सुकी मासळी विकायला निघाली होती. नवशाचा धाकटा भाऊ जानू काठावर जाळं सांधत बसला होता, त्यानं तसंच पाण्यात अंग टाकलं. तीन जणांना ओढून काढलं त्यानं. त्या तिघांत शालू नव्हती. लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून तोंड भरून कौतुक करत, तेव्हा जानूला त्या तिघांचाही राग येई. हे त्यानं कुणाला कधी बोलून दाखवलं नाही.

त्याच साली तालुक्याच्या नव्या कमिटीवर केळव्याकडचा नरहरी निवडून आला. पानमळेवाला माणूस, अंगावर स्वच्छ धोतर, बोलणं बेताचं आणि स्वभाव सरळ. इतका सरळ की वाकायचं तिथंही वाकत नसे. त्यानं होडीच्या मक्त्याचा विषय जो दातात धरला तो सोडलाच नाही. कारकून हसले, सभापती वैतागले, ठाण्याला खेटे घालून त्याच्या वहाणा झिजल्या, पण नवे नियम त्यानं मंजूर करून आणले. आता सरकारला जास्त देणाऱ्याला नव्हे, उतारूंकडून कमी घेणाऱ्याला मक्ता. होडीच्या अंगावर पांढरा पट्टा ओढायचा. पट्टा पाण्याखाली गेला की होडी हलवायची नाही. बोली ओरडून नाही, लाखेची मोहोर लावलेल्या लखोट्यातून. मिळालेला मक्ता दुसऱ्याला परस्पर द्यायचा नाही. आणि शेट लिलावाला आपलेच दोन मेव्हणे विरोधक म्हणून उभे करी, म्हणून नरहरीनं आणखी दोन खिळे ठोकले: निदान तीन लखोटे आले पाहिजेत, नाहीतर जुना मक्तेदार वर्षभर चालू, आणि प्रत्येकानं कमिटीसमोर उभं राहून आपली बोली खरोखर आपली आहे, असं सांगितलं पाहिजे. खिळे पक्के होते. ते कुणाच्या पायात घुसतील, हे मात्र नरहरीच्या ध्यानात आलं नव्हतं.

मुरब्यात आनंद झाला. देवळासमोर कोळ्यांची जमात बसली आणि जमातीचा पाटील आत्माराम यानं नवशाच्या हातावर नारळ ठेवला. नारळ ज्याच्या हातावर, मक्त्याला उभा राहणार तो. मग बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. ही रीत काही मक्त्यासाठी निघालेली नव्हती. समुद्रात खुंट रोवून डोलीचं जाळं लावायची जागा ज्याची त्याची ठरलेली असते, ती आज्यापणज्यापासून चालत येते. एकाच्या जागेत दुसऱ्यानं जाळं टाकलं तर कुणी त्याच्याशी भांडत बसत नाही, सरळ वाळीत टाकतात. मग त्याच्या होडीला कुणाचा खांदा लागत नाही आणि त्याच्या चुलीला कुणी विस्तव देत नाही. समुद्रावर पोलीस नसतो, तिथं एवढाच कायदा चालतो. नवशानं पालघरला जाऊन आपला लखोटा पेटीत टाकला. भाडं लिहिलं पंधरा पैसे. शेट वीस घेत होता.

लखोटे उघडायच्या आदल्या दिवशी नरहरी घाईघाईनं मुरब्याला आला. चिखलातून येताना धोतर गुडघ्यापर्यंत भरलं होतं. पेटीत दोनच लखोटे आहेत, नवशाचा आणि शेटचा, असं त्यानं सांगितलं. उद्या दुपारच्या टोल्यापर्यंत तिसरा आला नाही तर होडी शेटकडेच राहील. आत्माराम पाटील शांतपणे म्हणाला की तिसरा येणार नाही. नारळ दिल्यावर भावकीतला माणूस भावकीवर बोली लावत नसतो. नरहरीनं कायदा समजावला. पाटलानं रीत समजावली. दोघंही खरं बोलत होते आणि दोघांचाही आवाज चढत होता.

तेव्हा येसूबाई बोलली. नवशाची आणि जानूची आई ती. बाजारात तिच्याशी भावाची घासाघीस करायला व्यापारीसुद्धा कचरत. ती म्हणाली, एवढंच ना, मग जानू टाकील लखोटा. नवशाचं पंधरा तर जानूचं वीस. वीसवाल्याला कोण देतंय मक्ता? तीन लखोटे झाले, नवशाचं काम झालं, घरातल्या घरात राहिलं. जमातीनंच सांगितलं तर नारळ कुठं मोडला? पाटलानं थोडा विचार केला आणि मान हलवली. नवशा हसला, पोर गेल्यापासून तो क्वचितच हसत असे. नरहरी मात्र उठून उभा राहिला आणि हे आपण ऐकलं नाही म्हणाला. ज्यानं नियम केले त्याच्यासमोरच असली मखलाशी चालली होती. पण बुडालेली शालू त्यालाही विसरता येत नव्हती. ऐकलं नाही म्हणाला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानू शेटच्याच होडीतून निघाला. होडी नेहमीसारखी ठेचून भरलेली होती. पाणी काठाशी चार बोटांवर लागलं होतं आणि तांडेल सरका म्हणत होता. जानूच्या सदऱ्यात वीस पैसे लिहिलेला कागद होता. मोहोर कचेरीतच करून मिळणार होती. शेजारच्या बाईच्या कडेवरचं मूल पाण्यात हात घालून खेळत होतं. हात घालायला त्याला वाकावंसुद्धा लागत नव्हतं. जानूनं त्या मुलाचा हात धरून ठेवला तो सातपाटी येईस्तोवर सोडला नाही.

सातपाटीहून एस.टी.नं तो पालघरला उतरला. वेळ होता म्हणून कचेरीसमोरच्या हॉटेलात चहा घ्यायला गेला आणि मधल्या फळीच्या आडोशाला बसला. पलीकडे प्रतापशेट बसला होता. आवाज लपत नव्हता, आणि मुरब्याचा लखोटा केव्हाच पेटीत गेला अशा समजुतीत त्यानं तो लपवलाही नव्हता. कुणीतरी शेटला विचारत होतं की कोळी पंधरावर आलाय म्हणतात, मग कसं? म्हणजे कचेरीतलं कुणीतरी लाखेच्या आतलंही वाचत होतं. शेट हसला.

"बारा टाकलेत मी. पट्टा ओढणार कोण, तर रंगारी. बघणार कोण, तर माझा तांडेल. होडी भरून गेली की बारा काय नि वीस काय."

जानूनं चहा तसाच ठेवला. पंधराला बारा भारी पडणार. नवशाचा लखोटा पेटीत, तो आता बाहेर निघत नाही. आपले वीस पैसे तर नुसते आकडा भरायला. दुपारी कमिटी उठेल, टाळ्या वाजतील आणि शेट नव्या कायद्यानं जुनीच होडी हाकील. आजवर निदान कायदा वाईट म्हणता येत होता. उद्या तेही म्हणता येणार नव्हतं.

तो बाहेर येऊन रस्त्याकडे बघत उभा राहिला. नवशा पुढच्या गाडीनं यायचा होता; ती गाडी टोल्यानंतरची. मुरब्याला जाऊन पाटलाची परवानगी आणायची म्हटली तर दिवस बुडेल. आणि आणली तरी काय? नवशाला विचारून भाव कमी केला तर दोघांनी मिळून ठरवलं असंच होणार. कमिटीसमोर दोघंही खोटे पडणार. विचारता येत नव्हतं, म्हणून विचारायचं नाही. आणि न विचारता दहा लिहायचे म्हणजे नारळावर बोली, भावाच्या जागेत जाळं. तुफानात जानू कधी घाबरला नव्हता, पण कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली तो घाबरला.

कचेरीच्या दारात अर्ज लिहिणारा म्हातारा बसे. जानूनं त्याच्याकडून नवा कागद घेतला आणि दहा लिहायला सांगितलं. म्हाताऱ्यानं चष्म्यावरून पाहिलं. दहा पैशांत पोट भरायचं नाही, असं तो आपणहून म्हणाला. जानूनं पुन्हा सांगितलं, दहा. आत जाऊन मोहोर करून घेतली, लखोटा पेटीत टाकला, आणि शिपायानं टोला दिला.

दुपारी कमिटी बसली. सभापती, दोन सभासद, एका टोकाला नरहरी. समोर शेट, नवशा आणि जानू. नवशा गाडीतून उतरून थेट आला होता. धुतलेला सदरा घालून आला होता आणि भावाजवळ बसून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो हात जानूला जड झाला. लखोटे फोडायच्या आधी शेट उभा राहिला. मोठ्या नम्रपणे म्हणाला की नियमात लिहिलंय ते वाचून नाही, विचारून घ्यावं. हे दोघे सख्खे भाऊ, एका अंगणातले. एकाची बोली दुसऱ्यासाठी नाही कशावरून? सही काय, कुणीही करतो. कोळी माणसानं दर्याची आण घेऊन सांगावं. माझी हरकत राहणार नाही.

नरहरीचं तोंड उतरलं. नियम त्याचाच होता. शेटचे मेव्हणे अडकावेत म्हणून केलेला सापळा शेटच उचलून मुरब्याच्या वाटेत मांडत होता. कोळ्यानं दर्याची आण घेतली की खोटं बोलत नाही, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सभापतींनी आधी नवशाला विचारलं. त्यानं आपली बोली आपली म्हणून आण घेतली, त्यात खोटं काहीच नव्हतं. मग त्यांनी जानूकडे पाहिलं. नवशाच्या हाताची पकड घट्ट झाली. त्याला वाटत होतं आता सगळं संपलं. जानू खोटी आण घेणार नाही आणि खरं बोलला तर तिसरा लखोटा बाद.

जानूनं तो हात बाजूला केला आणि उठला.

"दर्याची आन. ही बोली माजी एकट्याची हाय. नवशाला ठाव नाय. मक्ता मला मिलाला तं माज्या होडीत नवशाचा, माज्या आयचा, त्या घरातल्या कोनाचा वाटा नाय. आज नाय नि पुडं पन नाय."

शेट हसला, कारण त्याला वाटलं कोळी शेवटी खोटी आण घेऊन बसला. मग लखोटे फोडले गेले. पंधरा. बारा. दहा. शेटचं हसू पहिल्यांदा पुसलं गेलं. नवशाचं तोंड मात्र त्याच्याही आधी पांढरं पडलं होतं. दहा ऐकून नवशानं टोपी डोक्यावर घातली, सदऱ्याची बटणं नीट लावली आणि बाहेर पडला. जानू मागून धावला आणि रस्त्यावर त्याला गाठून सगळं सांगितलं: हॉटेल, शेट, बारा पैसे. नवशानं सगळं ऐकून घेतलं.

"मला एकदा इचारलं आसतंस," एवढंच तो म्हणाला.

"इचारता येत नव्हतं, दादा."

"शालूची होडी व्हती ती, जानू. मला चालवाची व्हती."

गाडी आली. नवशा पुढं बसला, जानू मागं.

देवळासमोर जमात पुन्हा बसली. जानूनं जे होतं ते सांगितलं. पाटलाला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण तो म्हणाला की दुसऱ्याच्या जागेत जाळं टाकणाऱ्या प्रत्येकाकडे कारण असतं, आणि कारण ऐकून सोडायला लागलो तर उद्या समुद्रात जागा कुणाचीच राहणार नाही. दुसरीही गोष्ट होती, ती पाटील हळू बोलला. शेट कमिटीत तक्रार घेऊन जाणार होता. त्यानं म्हादू नावाचा माणूस बंदरावर बसवला होता, दोन्ही घरांवर नजर ठेवायला. जानू भावाच्या ताटात जेवताना दिसला, नवशा त्याच्या वल्ह्याला हात लावताना दिसला, की आण खोटी, बोली बाद, होडी परत शेटकडे. तेव्हा जानूला वाळीत टाकणं रीतीनंही होतं आणि कायद्यानंही. दोन कायदे आयुष्यभर एकमेकांशी भांडतात आणि एकदाच गळ्यात गळा घालतात, तेही कुणाला तरी बुडवायला!

त्या संध्याकाळी नवशानं दोन घरांमधल्या अंगणात कूड घातला. आतल्या अंगाला तो एकटाच खुंट ठोकत होता आणि बाहेरच्या अंगाला जानूची बायको पारू पदर तोंडाशी धरून उभी होती. येसूबाई नवशाच्या ओटीवर बसून बोंबील निवडत होती. तिनं मान वर केली नाही. जानूला वाटलं, आई तरी बोलेल. तिनं पुढचा बोंबील उचलला.

वल्ह्याला गावातलं कुणी मिळेना. शेवटी पारूचा भाऊ गोमा दांडीहून आला. दांडीच्या जमातीला मुरब्याच्या भांडणाशी देणंघेणं नव्हतं. नरहरीनं स्वतः येऊन होडीवर पांढरा पट्टा ओढून घेतला. तो फार वेळ रंगाऱ्याशेजारी उभा होता. जाताना त्याला जानूशी काहीतरी बोलायचं होतं, पण एवढंच म्हणाला की पट्टा छान दिसतो. बिचाऱ्याला माफी मागायची होती आणि कोणत्या चुकीची ते त्याला सापडत नव्हतं.

होडी सुरू झाली तो दिवस बाजाराचा. सकाळपासून काठावर गर्दी. बसायला सगळे येत होते, बोलायला कुणी नाही. भाडं जानूच्या हातात न ठेवता फळीवर ठेवत होते. पट्टा पाण्याला टेकला तसं जानूनं माणसं घेणं थांबवलं आणि उरलेल्यांना पुढच्या खेपेला थांबायला सांगितलं. मागं राहिलेल्यांनी शिव्या घातल्या. शेटच्या होडीत जागा व्हायची, असंही कुणी म्हणालं. शालूबरोबर त्याच होडीत बुडून वाचलेल्यांपैकीच एक होता तो. जानूनं त्याला पाण्यातून काढलं होतं. जानूचं डोकं भडकलं, पण त्यानं वल्हं पाण्यात घातलं आणि होडी लोटली.

त्याच पहिल्या खेपेला सगळ्यांच्या आधी येसूबाई टोपली घेऊन आली होती. ती येऊन मधल्या फळीवर बसली. काठावर म्हादू विडी ओढत बसला होता आणि डोळे होडीवरच होते. होडी सुटायच्या आधीच तिनं कनवटीचं नाणं काढून फळीवर ठेवलं. दहा पैसे. जानूनं ते उचललं. आईकडून भाडं घेताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण म्हादू बघतोय म्हणून करावं लागतंय, हे तिलाही कळत असणार, असं त्यानं मनाला सांगितलं. दिवसभर तो तेवढ्या एका समजुतीवर वल्हवत राहिला. आई माझ्या बाजूची आहे. नाटक करतेय. सगळ्यांत पहिली येऊन बसली ना?

संध्याकाळी बाजार उठला. परतीच्या खेपेला येसूबाई पुन्हा होडीत बसली, रिकामी टोपली मांडीवर. उतारू थोडेच होते, होडी हलकी चालली. मुरब्याला लागेपर्यंत काठ मोकळा झाला होता. म्हादू कंटाळून केव्हाच घरी गेला होता. इतर लोक उतरून चढावाला लागले. येसूबाई मागून उतरली. चिखलात पाय टाकायच्या आधी तिनं कनवटीला हात घातला.

जानू पुढं झाला. दिवसभरात पहिल्यांदा त्याचा आवाज मऊ झाला होता.

"आये, ऱ्हाऊ दे. म्हादू गेला. आता कोन बगत नाय."

येसूबाई थांबली. मुलाकडे तिनं नीट पाहिलं, अंगणात कूड पडल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या हाताला वल्ह्यानं फोड आले होते तेही तिनं पाहिले.

"आन तू म्हादूची घेतलीव्हतीस?"

जानूनं होडीचा काठ धरला.

"माज्या होडीत आयचा वाटा नाय, आसं बोललास. फुकट बसले तं वाटा झाला. मंग तू खोटा परशील, नि परत शेट बुडवाला येल." तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि नाणं फळीवर न ठेवता त्याच्या तळहातावर ठेवलं. फोडांवरून त्याची बोटं एक एक करून मिटवली. "मी जगतंय तवर देनार. तू घेत जा."

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती चढावाला लागली. नवशाच्या दारात दिवा होता. ती त्या दारातून आत गेली आणि दार लागलं.

पलीकडच्या काठावरून कुणीतरी होडीला हाक मारत होतं. गोमानं आपलं वल्हं उचललं आणि चल म्हणाला. जानूला मूठ सोडवेना आणि एका हातानं वल्हं धरता येईना, म्हणून हाक येत राहिली आणि होडी काठालाच राहिली.